पौर्णिमेला बसणारी गाडी

ड्रायव्हर रामसेवक भैया गाडीतून उतरला आणि माझ्यासमोरच्या स्टुलावर येऊन बसला. त्याच्यामागे गाडी उभी होती, चारही चाकांवर सरळ आणि ताठ. मी तिच्याभोवती एक फेरी मारली, वाकून खाली पाहिलं आणि विचारलं, बिघडलंय काय?

"अब तो ठीक है साहब," तो म्हणाला. "चार दिन बैठी रही. आज सबेरे अपने आप उठ गई. तभी तो ला पाए."

ही तिसरी वेळ होती. तिन्ही वेळा आजारी गाडी बरी झाल्यावरच माझ्या दवाखान्यात आली होती. आधीच्या दोन वेळा मी तिला तपासून, काहीतरी बदलून, छाती फुगवून परत पाठवलं होतं. महिनाभर ती छान चालायची. मग पुन्हा बसायची.

बसायची म्हणजे खरोखरच बसायची. रात्री उभी केलेली गाडी सकाळी पाहावी तर चाकांवर पोट टेकून बसलेली, पाणवठ्यावरच्या म्हशीसारखी. सुरू केली तरी उठायची नाही. समोरच्या काचेखाली लाल दिवा लागायचा आणि इंग्रजीत सूचना यायची की हळू चालवा. पोट टेकलेली गाडी हळू काय आणि जोरात काय, चालवणार कशी?

माझं सांगायचं तर मी वानखेडे. जबलपूरजवळच्या रांझीला लष्करी गाड्यांच्या फॅक्टरीत तीस वर्षं इन्स्पेक्शनला काढली. तयार झालेल्या ट्रकमध्ये खोट काढणं हा माझा धंदा, आणि बायकोच्या मते स्वभावही. रिटायर झाल्यावर रांझीतच घराला लागून वर्कशॉप टाकलं. मोठी, जुनी, कोणी हात लावत नाही अशी गाडी असली की लोक माझ्याकडे पाठवतात. त्यातून सराफ्यातले अविनाशभैया आले.

अविनाशभैयांचं सराफ्यात दागिन्यांचं दुकान. घराणं मूळ वर्ध्याकडचं, पण तीन पिढ्या जबलपुरात गेल्या. ही विलायती फोर-बाय-फोर त्यांनी रायपूरच्या एका ठेकेदाराकडून जुनीच घेतली. रायपूर तोवर आमच्या राज्यातून फुटून दुसऱ्या राज्यात गेलेलं. त्यामुळे एनओसीसाठी खेटे घालून त्यांच्या चपला झिजल्या. जी वस्तू मिळवायला इतकी यातायात पडते तिचं कौतुकही जरा जास्तच असतं. गाडीचे नियम ठरले. आत कोणी काही खायचं नाही. चामड्याच्या सीटवर ओलं काही ठेवायचं नाही. आणि मेकॅनिकनं काहीही खोलावं, पण सीटला हात लावायचा नाही. हा शेवटचा नियम त्यांनी मला स्वतः येऊन, दोनदा सांगितला होता.

आता ही गाडी बसते कशी ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. साध्या गाडीत चाकांवर लोखंडी स्प्रिंग असतात. हिच्यात त्यांच्या जागी रबराच्या चार जाड पिशव्या, त्यांत हवा भरलेली. याला एअर सस्पेन्शन म्हणतात. एक छोटा कॉम्प्रेसर हवा पुरवतो. प्रत्येक चाकापाशी एक सेन्सर, तो गाडीचा तो कोपरा किती उंच आहे ते मोजतो. आणि या सगळ्यांवर एक साहेब, म्हणजे कंप्युटरचा डबा. सेन्सर सांगणार, साहेब ऐकणार, आणि हुकूम देणार की इकडे हवा भरा, तिकडची सोडा. गाडी उभी असली, किल्ली घरात असली, तरी हा साहेब दर काही तासांनी जागा होतो आणि चारही कोपरे सारखे आहेत का बघतो. एखादा खाली असला तर बाकीचे तीन त्याच्या पातळीला आणतो. म्हणजे साहेबाला चुकीचं काही दिसलं की तो रात्रभर थोडी थोडी हवा सोडत बसतो, आणि सकाळी गाडी जमिनीवर.

पण मी ट्रकवाला माणूस. हवा गेली म्हणजे कुठेतरी गळती असणार, एवढंच मला ठाऊक. पहिल्या खेपेला मी सगळ्या नळ्यांना साबणाचं पाणी लावलं. एका जोडावर बारीक फेस आला. मी तिथली रबराची रिंग बदलली आणि अविनाशभैयांना फोन करून सांगितलं की काम फत्ते. दुसऱ्या खेपेला साबणानं काही दाखवलं नाही, तेव्हा मी कॉम्प्रेसर उघडला. त्याची सील घासलेली होती, ती बदलली. आणि पुन्हा फोन केला, या वेळी जरा आवाज चढवून. तिसऱ्या खेपेला डाव्या बाजूच्या मागच्या चाकाच्या सेन्सरवर संशय घेऊन तोही बदलला, आणि तिसरा फोन केला. खोटं कशाला बोलू, त्यातली प्रत्येक गोष्ट बदलण्यासारखीच होती. फक्त गाडी बसण्याशी तिचा काही संबंध नव्हता.

या तिसऱ्या खेपेनंतर पंधरा-वीस दिवसांनी अविनाशभैया स्वतः आले. चहा घेतला नाही, यावरून मी समजलो.

"वानखेडेजी, गाडी तीन बार बसली, तीनही बार तुम्ही ठीक केली," ते म्हणाले. "म्हणजे कोणीतरी तिला बिघडवून राहिलं. गाडी फक्त रामसेवक चालवते. आता एक बार बसली, की मी त्याले घरी बसवतो."

रामसेवक तिथेच, गाडीच्या पलीकडे, फडका घेऊन बॉनेट पुसत होता. त्यानं ऐकलं. फडक्याचा हात थांबला नाही. वय पंचावन्नच्या पुढे, अविनाशभैयांच्या वडिलांच्या वेळेपासून त्या घरी गाडी चालवणारा माणूस. या वयात त्याला दुसरी नोकरी कोण देणार होतं? आणि हे ऐकून घेण्याची पाळी त्याच्यावर माझ्यामुळे आली होती, कारण तीनदा छाती फुगवून फोन मी केला होता. मला फार वाईट वाटलं. त्याहून जास्त स्वतःचा राग आला.

जी खोट कधी असते आणि कधी नसते तिला आम्ही इंटरमिटंट म्हणतो. फॅक्टरीत तिच्यासाठी एक रीत होती. आधी पाना उचलायचा नाही, रजिस्टर उचलायचं. खोट कुठे आहे हे कळत नसलं तर निदान कधी आहे हे लिहून काढायचं. ती रीत मी निवृत्तीबरोबर फॅक्टरीतच ठेवून आलो होतो. आता मी माझं रजिस्टर काढलं, रामसेवकला विचारून गाडी बसल्याच्या तिन्ही सकाळी लिहिल्या आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर गोल केले. बायको चहा घेऊन आली. तिनं एकदाच कॅलेंडरकडे पाहिलं.

"हे काय, पौर्णिमेनंतरचे दिवस काहून गोल करून राहिले?" तिनं विचारलं.

मार्गशीर्ष, पौष, माघ. तिन्ही गोल पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी. तीस वर्षं इन्स्पेक्शनला काढलेला माणूस मी, आणि खोट पहिल्या नजरेत पकडली ती चहाचा ट्रे हातात असलेल्या बाईनं. मी तिला म्हटलं की मी हेच सांगणार होतो. तिनं कप माझ्यासमोर ठेवला आणि आत गेली.

अविनाशभैयांना फोनवर सांगितलं तर ते हसले. आता मेकॅनिकही ज्योतिष सांगून राहिले काय, असं म्हणाले. मी रामसेवकला बाजूला घेतलं. पौर्णिमेला गाडी कुठे जाते? तर अम्माजी, म्हणजे अविनाशभैयांच्या आई, दर पौर्णिमेला ग्वारीघाटला नर्मदेवर जातात. बरोबर कोण असतं? कोणी नाही, फक्त तो. गाडी घाटाच्या पायऱ्यांवर उतरवतोस का, रेतीत घालतोस का? नाही. गाडीत कधी पाणी शिरलं का?

"एक बूंद नहीं साहब."

माझा प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर आलं. इन्स्पेक्शनमध्ये असं व्हायचं. ज्या फिटरनं नट कसलेला नसायचा तो मी विचारायच्या आधीच सांगायचा की कसलाय. मी पुढे काही विचारलं नाही. दोन दिवसांवर फाल्गुनातली पौर्णिमा होती, होळी. मी अविनाशभैयांना कळवलं की पौर्णिमेला गाडीबरोबर मी जाणार, प्रत्यक्ष लोडवर रोड टेस्ट घ्यायची आहे. लोड हा शब्द इंग्रजीत असला की गिऱ्हाईक सहसा आडवं येत नाही.

अविनाशभैयांचं घर सराफ्यातच, पण त्या गल्लीत ही गाडी शिरत नाही. ती बाहेरच्या एका मोकळ्या प्लॉटवर उभी राहते. सकाळी मी तिथे पोचलो. काकू, म्हणजे अम्माजी, आधीच येऊन उभ्या होत्या. सत्तरीच्या, लहान चणीच्या, हळू आवाजात बोलणाऱ्या. त्यांचा आवाज इतका हळू की ऐकायला सगळ्यांना गप्प बसावं लागायचं. मी आपला सवयीनं पुढचं डावं दार उघडलं.

"तिथं नका बसू," काकू म्हणाल्या. "तुम्ही मागं या माह्याजवळ."

मला वाटलं, पाहुणा म्हणून मान देऊन राहिल्या. मागे बसलो. ग्वारीघाटला जाईपर्यंत मी कॉम्प्रेसरचा आवाज ऐकत होतो, वळणावर गाडी किती झुकते बघत होतो, आणि काकू मला माझ्या मुलांची लग्नं कुठे झाली ते विचारत होत्या. गाडी अगदी गुणी लेकरासारखी चालली. मी वहीत तसं लिहिलंही.

घाटावर काकू डोंग्यात, म्हणजे छोट्या होडीत, बसून पार मधल्या धारेपर्यंत गेल्या. रामसेवक बरोबर. मी पायऱ्यांवर बसून पाहत होतो. परत आल्या तेव्हा रामसेवकच्या खांद्यावर घरून रिकामा आणलेला तांब्याचा गुंड होता. गुंड म्हणजे आमच्या विदर्भातली मोठी घागर, चांगली वीस लिटरची. काठोकाठ भरलेला. तोंडावर झाकण नाही, पाण्यावर तुळशीची पानं आणि वरून एक पांढरं फडकं.

रामसेवकनं पुढचं डावं दार उघडलं. गुंड अलगद सीटवर ठेवला. मग, मी डोळ्यांनी पाहिलं म्हणून सांगतो, त्याला सीट-बेल्ट लावला. हात किती सराईत होता त्याचा. सीटवर वजन असलं आणि बेल्ट नसला की गाडी टुंग-टुंग करते, म्हणून. गुंडाच्या गळ्यात काकूंनी झेंडूची छोटी माळ घातली आणि माझ्या शेजारी येऊन बसल्या.

मला सगळं कळायला पहिला स्पीड-ब्रेकर पुरला. गाडी उसळली, गुंड हिंदकळला, फडकं ओलं झालं. पाण्याची एक धार सीटच्या चामड्यावरून मागच्या फटीत गेली आणि दिसेनाशी झाली. दुसऱ्या खड्ड्याला पुन्हा तसंच. मी पुढे वाकलो, खिशातला टॉर्च काढला आणि त्या सीटखाली पाहिलं. तिथे एक काळा डबा होता. वायरींचा जाड जुडगा त्याच्यात जात होता आणि वरून टप टप पाणी पडत होतं. तोच तो साहेब. गाडीचा कंप्युटर नेमका डाव्या सीटखाली बसवलेला, आणि सीटला हात लावायची मला बंदी, म्हणून तीन खेपांत मी तिकडे पाहिलंच नव्हतं.

तर दर महिन्याला हे घडत होतं. पौर्णिमेला साहेबाला स्नान. ओल्या कनेक्टरमधून त्याला सेन्सरचं वेडंवाकडं ऐकू येणार, मागचा डावा कोपरा उंच झालाय असं वाटणार आणि तो रात्री हवा सोडणार. मग तीन-चार दिवस उन्हात उभं राहिलं की पाणी वाळणार, साहेब शुद्धीवर येणार, गाडी उठणार. आणि उठली की रामसेवक तिला माझ्याकडे आणणार, आणि मी नसलेली गळती शोधणार.

मी रामसेवकला गाडी थांबवायला सांगितली. गुंड डिकीत ठेवा म्हटलं. काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या मोठ्या जावेला डिकीत बसवायला सांगितलं होतं.

"तिथं जॅक राहते, स्टेपनी राहते, लोकायचे जोडे राहते," त्या म्हणाल्या. "नर्मदा मैयाले तिथं ठेवू?"

मग पायाशी ठेवा म्हणणंही शक्य नव्हतं, ते मला मराठी माणूस म्हणून कळत होतं. अविनाशभैयांनी एक घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा कॅन आणून दिला होता, तो डिकीत रिकामाच पडलेला. दर वेळी जाताना मुलाला दिसावा म्हणून घ्यायचा आणि येताना रिकामा परत न्यायचा. ओल्या वस्तूंच्या नियमाचं काय, असं मी विचारलं. काकूंचं उत्तर तयार होतं. नियम पाण्यासाठी आहे, नर्मदेसाठी नाही. आणि रामसेवक घरी पोचल्यावर सीट पंख्याखाली धरल्यागत कोरडी करतो, अविनाशला आजवर कळलेलं नाही.

मी समोरच्या आरशात पाहिलं. रामसेवकचे डोळे रस्त्यावर होते. त्याला डब्याचं काही ठाऊक नव्हतं. पण गुंडाबद्दल एक शब्द बोलला असता तर निदान संशय त्याच्यावरून हटला असता. तो बोलला नव्हता, कारण अम्माजींनी सांगू नको म्हटलं होतं. नोकरी जायची वेळ आली तरी बोलला नव्हता.

"काकू, उद्या ही गाडी बसली तर अविनाशभैया रामसेवकला काढणार आहेत," मी म्हणालो. "तुम्हाला माहीत आहे का?"

काकूंना माहीत नव्हतं. त्या पुढे वाकल्या. मग आणखी हळू आवाजात रामसेवकला म्हणाल्या, "काहून नाही सांगितलंस रे मले?"

तो म्हणाला, "आपको दुख होता, अम्माजी."

पुढे मी जे केलं ते मेकॅनिकच्या कुठल्याही पुस्तकात नाही. मी गुंडाचा सीट-बेल्ट काढला आणि गुंड मागे माझ्या मांडीवर घेतला. ग्वारीघाट ते सराफा. ज्यांनी जबलपूरचे तेव्हाचे रस्ते पाहिलेत त्यांना जास्त सांगायला नको. पहिल्या दोन चौकांत माझी पॅन्ट गेली, तिसऱ्यात शर्ट. काकू अधूनमधून आपल्या पदरानं माझ्या खिशावरची तुळशीची पानं उचलून पुन्हा गुंडात टाकत होत्या. एकदा म्हणाल्या की तुमचं तर बसल्या जागी पर्वस्नान झालं. बाईला आता गंमत वाटायला लागली होती.

प्लॉटवर गाडी वळली आणि समोर अविनाशभैया उभे. गाडी कशी बसते ते आज स्वतः बघायचं ठरवून आलेले. त्यांनी दार उघडलं. आत त्यांचा मेकॅनिक नखशिखांत ओला, मांडीवर त्यांच्याच घरचा गुंड घेऊन बसलेला.

मी तोंड उघडायच्या आत काकू बोलल्या. "यायच्या घरी पूजा हाय. म्हणून मीच म्हटलं, आपला गुंड घेऊन जा."

अविनाशभैया माझ्याकडे पाहत राहिले. "आणि तुम्ही भिजले कसे?"

"होळी," मी म्हणालो.

"रंग तर उद्या आहे."

"रांझीवाल्यांचं आजपासूनच सुरू राहते."

त्यांनी माझ्या शर्टाकडे पाहिलं. रंगाचा एक ठिपका नव्हता. मी विषय बदलला. खोट सापडली आहे, गाडी आत्ताच्या आत्ता वर्कशॉपला नेतो, आणि त्यासाठी पुढची डावी सीट काढावी लागेल, असं सांगितलं. मला वाटलं, आता गरजतील. त्यांनी एकदा माझ्या मांडीवरच्या गुंडाकडे पाहिलं.

"काढा," मग म्हणाले, आणि आईला हात देऊन उतरवून घेऊन गेले.

गुंड अर्थातच माझ्या मांडीवर राहिला, कारण आता तो माझ्या घरच्या पूजेचा होता. रांझीला पोचेपर्यंत त्यात निम्मं पाणी उरलं. आपल्याकडे पूजा आहे म्हटल्यावर बायकोनं दारातच विचारलं की ही कसली पूजा. मी म्हटलं, सत्यनारायणाची, आणि तू ठरवली आहेस.

सीट काढली. खाली वाळलेली तुळशीची पानं चिकटली होती, तीन महिन्यांची. कनेक्टरच्या पितळी पिना हिरव्या पडलेल्या. मी तो डबा उघडून वाळवला, पिना एकेक करून घासल्या, क्लीनरनं धुतल्या. दोन पिना बदलल्या. मग डब्याखाली लोखंडी पट्टीचा स्टँड करून तो गाडीच्या तळापासून चार बोटं उचलला. वर छप्पर हवं होतं. डिकीत तो प्लास्टिकचा कॅन होता. तो आडवा कापला आणि अर्धा भाग डब्यावर पालथा घातला, वायरी खालून आत. नर्मदेला पूर आला असता तरी साहेबाच्या अंगावर थेंब गेला नसता. त्यावरून मी रामसेवकला दोन बादल्या पाणी ओतायला लावलं. तो ओतायला तयार नव्हता, मीच पहिली ओतली. सकाळी गाडी ताठ उभी. दुसऱ्या सकाळीही. रामसेवक तिच्यासमोर हात जोडून उभा होता आणि मी त्याची थट्टा केली नाही, एवढी त्या दिवशी माझी कमाई.

अविनाशभैयांना मी सांगितलं की चूक विलायती कंपनीची. कंप्युटर त्यांनी चुकीच्या जागी बसवला होता, तिकडच्या थंड हवेत चालतं, आपल्याकडे सीटखाली दमट होतं. मी जागा सुधारून दिली. रामसेवकचा काही दोष नाही, हे मी तीनदा म्हणालो. तीनदा फोन केले होते ना, तेवढ्याच वेळा. सराफ्यात त्यांनी हे सगळ्यांना सांगितलं असं कानावर आलं. रांझीच्या वानखेडेनं विलायतेची चूक काढली, म्हणे. मी कोणाला अडवलं नाही.

चैत्राची पौर्णिमा आली आणि गेली. गाडी बसली नाही. त्यानंतर एका दुपारी अविनाशभैया मोटरसायकलवर एकटेच आले. या वेळी चहा घेतला. कप खाली ठेवून म्हणाले, "त्या दिवशी तुमच्या खिशावर तुळशीचं पान होतं, वानखेडेजी."

मी म्हटलं, पूजा होती ना.

"मला गुंडाचं पहिल्या पौर्णिमेपासून माहीत आहे," ते म्हणाले. "सीट पुसली तरी त्याच्या बुडाचा गोल राहून जातो चामड्यावर. आईला बोलता येत नाही मला. कधीच नाही आलं. म्हणून मी रामसेवकला बोलत होतो."

मला राग आला. इतका, की गिऱ्हाईक आहे हेही विसरलो. मी म्हटलं, त्या माणसाची नोकरी जात होती. तुम्हाला माहीत होतं, तरी तुम्ही माझ्यासमोर, त्याला ऐकू जाईल असं बोललात. अविनाशभैयांनी मान खाली घातली. काढणार नव्हतो, म्हणाले. वाटलं, घाबरला की तो तरी आईला सांगेल, गुंड सीटवर नको म्हणून.

"त्यानं नाही सांगितलं," मी म्हणालो.

"नाही सांगितलं," ते म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले. या माणसाला मी गाडीखेरीज कशाबद्दल इतकं हळवं झालेलं पाहिलं नव्हतं.

रामसेवकची त्यांनी माफी मागितली की नाही ते मला माहीत नाही. मालक लोक असं काही चारचौघांत करत नाहीत. पण वैशाखाच्या पौर्णिमेनंतर रामसेवक ऑइल बदलायला आला तेव्हा त्यानं सांगितलं, या वेळी भैयाजी, म्हणजे अविनाशभैयाही, घाटावर आले होते. पुढच्या सीटवर गुंड होता, बेल्ट लावून. भैयाजी मागे बसले.

मी त्यानंतर पुष्कळ गाड्या पाहिल्या आणि एक गोष्ट रजिस्टरच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली, नव्या मेकॅनिकांनी वाचावी म्हणून. खोट डाव्या सीटखाली असली तरी शिव्या उजव्या सीटवरच्याला बसतात. तेव्हा डावी सीट आधी काढावी, मालक नको म्हणाला तरी.